लेहीचं कुंपण

किलड्रोमाच्या घोडशर्यतीच्या मैदानात घोड्यांनी उडी मारून ओलांडायचं बिननावाचं कुंपण एकही नव्हतं. ओढ्यापलीकडचं ते हॅनलीचं, चढावरचं ते विधवेचं आणि उतार संपल्यावर प्रेक्षकांच्या स्टँडच्या अलीकडे येणारं शेवटचं, ते लेहीचं. कुंपणाला आपलं नाव लागावं असं वाटत असेल तर माणसाने एक तर तिथे आयुष्यभर जिंकत राहावं, नाहीतर एकदाच नीट पडावं. फिन्बार लेही दुसऱ्या मार्गाने गेला. नोव्हेंबरची दुपार होती, सूर्य टेकडीवर टेकलेला आणि ऊन सरळ डोळ्यांत. घोड्याला कुंपण दिसलं तेव्हा ते त्याच्या गुडघ्यांना लागलं होतं. "ऊन आहे खरं, पण मला दिसतंय की," असं फिन्बार निघताना बायकोला म्हणाला होता. बायको म्हणजे डिम्पना. मुलगा ओरन त्या साली नुकता शाळेत जायला लागला होता.

नंतर कितीतरी वर्षं जॉकी त्या उन्हाबद्दल कुरकुरत राहिले. मैदानाची समिती दर वर्षी भरायची, चहा प्यायची, केक संपवायची आणि विषय पुढच्या वर्षावर ढकलायची. समित्यांना ऊन लागत नाही, त्या आत बसतात. गेल्या हिवाळ्यात तिथेच आणखी एका पोराचा कणा मोडला, पेपरात छापून आलं, तेव्हा कुठे या मंडळींची झोप उडाली. शेवटी ठरलं की लेहीचं कुंपण हलवायचं. उतार संपला की पूर्वी वाट सरळ जायची, ती आता तिथेच डावीकडे वळवायची आणि वळणापलीकडे, सूर्याकडे पाठ करून, नवं कुंपण बांधायचं. जुनी सरळ वाट प्लास्टिकचा कठडा घालून बंद करायची. तिकडे मोटारी लावायला जागा होईल, म्हणजे चार पैसेही सुटतील.

सगळं बिनविरोध मंजूर झालं. फक्त सभा उठता उठता डिम्पना म्हणाली, "कुंपण खुशाल न्या. त्याचे पंख तेवढे तिथेच राहू द्या."

कुंपणाच्या दोन्ही बाजूंना माणसाहून उंच, पांढऱ्या लाकडी फळ्यांची तिरपी भिंत असते, तिला सगळे पंख म्हणतात. घोड्याची नजर इकडेतिकडे न जाता मधल्या उडीवर राहावी म्हणून ते असतात. डाव्या पंखावर काळ्या अक्षरांत फिन्बारचं नाव होतं. विधवेने मेलेल्या नवऱ्यासाठी काही मागावं आणि ते नाकारावं, असा माणूस त्या गावात अजून जन्मायचा होता. दोन जणांनी डोळे पुसले आणि ठराव झाला.

त्याच सभेनंतर घरी येताना ओरन म्हणाला होता, "आता तरी मला किलड्रोमात घोडा पळवू देशील?" जॉकी म्हणून तो देशभर धावला होता, इंग्लंडलाही जाऊन आला होता. पण आपल्याच गावच्या मैदानात आईने त्याला कधी उतरू दिलं नव्हतं. कधी घोडा लंगडतोय म्हणायची, कधी जमीन फार कडक आहे म्हणायची. कारणं सगळ्यांना कळत होती, म्हणून कोणी विचारत नव्हतं. या वेळी ती हो म्हणाली. कुंपण हललं म्हणून ती हलली. शिवाय घोडा बॉस्को होता. बारा वर्षांचा, तिच्याच तबेल्यात तिनेच तयार केलेला, याच मैदानात तीनदा जिंकलेला. त्याला डोळे बांधून सोडला तरी किलड्रोमाची फेरी पुरी करेल, असं लोक म्हणत. मैदान बदललं तरी 'मैदान ओळखणारा घोडा' म्हणून अख्ख्या गावाने पैसे त्याच्यावरच लावले होते. यात काही चुकतंय असं त्या शहाण्यांपैकी एकालाही वाटलं नाही आणि खरं सांगायचं तर शर्यतीच्या सकाळपर्यंत डिम्पनालाही वाटलं नाही.

शर्यतीच्या सकाळी जॉकी मैदान चालून बघतात. जमीन कुठे मऊ आहे, कुंपणाची तोंडं कशी आहेत, सगळं पायाखालून घालतात. घोड्याला मात्र कोणी फिरवून आणत नाही. त्याला जे काय कळायचं ते धावतानाच कळतं. डिम्पना ओरनबरोबर चालत होती. रात्रीच्या पावसाने जमीन मऊ, पण हवा कोरडी, आभाळ धुतल्यासारखं स्वच्छ. दुपारी ऊन पडणार हे उघड होतं, पण आता त्याचं भय नव्हतं. ती मजेत होती. विधवेच्या कुंपणाजवळ ओरनने तिला उगाच हात देऊन चढवलं, तेव्हा "म्हातारी नाही झाले अजून," म्हणून तिने त्याच्या पाठीत धपाटाही घातला.

मग ती दोघं उताराच्या माथ्यावर आली आणि डिम्पना थांबली.

खाली, समोर, लेहीचं कुंपण उभं होतं.

"हे हलवलं ना?" ती म्हणाली.

"हलवलं की. ते बघ नवं, डावीकडे. वळणापलीकडे."

"मग हे काय आहे?"

ओरनने डोळ्यांवर हात धरून बघितलं आणि हसला. "अगं, झुडपं आहेत ती. मॉसने लावलीत. बाबांच्या आठवणीसाठी. तुला आज दाखवायचं म्हणून कोणी बोललं नाही, आणि तूही मध्ये इकडे फिरकली नाहीस."

मॉस कॉन्सिडाइन हा मैदानाचा कारभारी, मनाने लोण्यासारखा आणि डोक्यानेही. नुसते पंख ओकेबोके दिसतील म्हणून त्याने दोन्ही पंखांच्या मधोमध, जिथून जुनं कुंपण उपटलं होतं तिथेच, मांडीइतक्या उंचीची हिरवीगार झुडपं दाट ओळीत लावली होती. वरून कात्रीने सपाट कापली होती. पलीकडे बसायला एक बाक ठेवलं होतं. फळ्यांना नवा पांढरा रंग दिला होता. जवळ जाऊन पाहिलं तर ते थडगं वाटावं इतकं नीटनेटकं होतं. पण उताराच्या माथ्यावरून ते कुंपण होतं. तेच, त्याच जागी, सोळा वर्षांपूर्वी होतं तसं. बाकापलीकडे मोटारींच्या रांगा लागायला सुरुवात झाली होती. बायका मोटारींची मागची दारं उघडून हॅम घातलेले पाव आणि चहाचे थर्मास मांडत होत्या.

करायला गेलो गणपती आणि झाला मारुती म्हणतात, तसलं झालं होतं. आणि ते मागून घेतलं होतं तिनेच.

"ओरन, बॉस्को त्याच्यावर जाईल."

"कशावर?"

"त्या झुडपांवर. तो इथून खाली सुटला की सरळ तिकडेच बघणार. आजवर दर वेळी तसाच गेलाय."

"आई, मध्ये कठडा आहे."

"कंबरेएवढा प्लास्टिकचा कठडा! बॉस्को त्याला काय समजणार? तो काय गाय आहे?"

ओरनने तिच्या खांद्यावर हात ठेवला. ती चिडली की तो असाच बाप झाल्यासारखा वागायचा. "वळवायला मी आहे ना वर. लगाम कशासाठी असतो?"

"गेल्या साली त्याचं ठाण बदललं तर काय झालं आठवतंय ना? जुनं दार विटांनी बुजवलं, तरी नाताळपर्यंत रोज संध्याकाळी त्या भिंतीला नाक लावून उभा राहायचा. नवं दार शेजारी उघडं असताना."

"आपल्या घरातले सगळे असेच आहेत. तू अजून जेवायला तीन ताटं मांडतेस मधूनच."

हे तो हसत म्हणाला, पण ती हसली नाही. उतार उतरताना त्याने एकदा मागे वळून माथ्याकडे आणि मग पुढे झुडपांकडे पाहिलं, ते तिने टिपलं.

मॉस नव्या कुंपणाजवळ, त्यात खोवलेल्या बर्च झाडाच्या काटक्या दाबून बघत उभा होता. तिला येताना बघून त्याचा चेहरा फुलला. "आवडलं ना? मी म्हटलं होतं, डिम्पना रडणार."

"मॉस, ती झुडपं काढ."

"काय?"

"काढ, झाक, काहीही कर. शर्यतीआधी. घोड्यांना ते कुंपण वाटणार."

मॉसचा चेहरा पडला. तो बिचारा तीन महिने त्या झुडपांना पाणी घालत होता. "अगं, दुपारी फादर हेशन आशीर्वाद द्यायला येणार आहेत. फिन्बारच्या दोन्ही बहिणी येतायत गॉलवेहून. आणि मी काय सांगू त्यांना, फिन्बारच्या बायकोनेच फेकून दिलं म्हणून?"

"मी सांगते त्यांना."

"हे बघ, तुझं दुःख मला कळतं." मॉसने आवाज खाली आणला. आजाऱ्याशी बोलतात तसा. "त्या जागेचं तुला भय आहे. कोणालाही असेल. पण पंचांनी मैदान पाहिलंय, पास केलंय. नवे घोडे वळणाने जातील आणि बॉस्को त्यांच्यामागे जाईल. बरं, तुझ्या समाधानासाठी कठड्याच्या आत गवताच्या गाठी रचतो. मग तर झालं?"

आणि त्याने खरंच माणसं लावून गवताच्या गाठी रचल्या, एका ओळीत, कठड्याला लागून. म्हणजे आगीतून फुफाट्यात. आता समोरून बघितलं तर खाली पिवळा पट्टा, वर हिरवी उडी आणि दोन्ही बाजूंना पांढरे पंख. कुंपणात जे काही कमी होतं ते मॉसने पुरं केलं. "आता कसं?" असं त्याने लांबून हात करून विचारलंसुद्धा. डिम्पनाला त्याचा गळा धरावासा वाटला.

ती पंचांच्या खोलीशी गेली. घोडा मागे घ्यायचा तर कारण लागतं. घोडा आजारी, नाहीतर जमीन वाईट. बॉस्को रिंगणात कानांत वारा भरल्यासारखा उड्या मारत होता आणि जमीन वर्षातली सगळ्यात चांगली होती. खोटं कारण सांगायचीही तिची तयारी होती. पण दारात ओरन उभा होता, अंगात लाल-पांढरा सदरा घालून. तो सदरा फिन्बारच्या वेळेपासूनचे रंग सांगत होता.

"मला माहीत होतं तू इथे येणार," तो म्हणाला.

"एवढ्या वेळेला ऐक."

"आई, मी तुझं नेहमीच ऐकलंय. अख्खा देश हसतो मला. लेहीचा मुलगा लेहीच्या कुंपणाला भितो म्हणतात. ती शर्यत बाबांच्या नावाची आहे आणि आज तरी मला त्यात धावू दे."

"बॉस्को..."

"बॉस्कोला मी घोळक्यात ठेवीन. वळणाच्या आधी पुढे काढणार नाही. इतर जिकडे जातील तिकडेच तो जाईल. मग तर झालं? शब्द देतो."

हे म्हणणं वाजवी होतं, हीच तर पंचाईत. समोरचा वेड्यासारखा बोलला की त्याला अडवता येतं. शहाण्यासारखा बोलला की आपण वेडे ठरतो. डिम्पनाला आपल्या भयाची लाजही वाटली. खरंच आपण इतकी वर्षं त्या जागेवर मरणच बघत आलोय, आज झुडपांतही तेच दिसलं असेल. ती दारातून बाजूला झाली.

दुपारी फादर हेशन आले. त्यांचा गुडघा कामातून गेलेला, म्हणून त्यांची छोटी निळी मोटार थेट गवतावरून बाकापर्यंत आणू दिली होती. त्यांनी झुडपांवर पवित्र पाणी शिंपडलं, फिन्बारचं नाव घेतलं. नणंदा रडल्या. डिम्पनाला लोकांनी पुढे केलं. ती पंखापाशी उभी राहिली आणि तिची नजर वर, उताराच्या माथ्यावर गेली. तिथून घोडे येणार होते. फादर म्हणाले, "जा, तुझ्या नवऱ्याशी दोन शब्द बोल." ती पुटपुटली, "याला इकडे बोलावू नकोस." कोणाला ऐकू गेलं नाही.

सगळे स्टँडकडे गेले, ती गेली नाही. मुलगा धावत असताना ती इथे का थांबली, यावर नंतर पुष्कळ चर्चा झाली. फादर हेशनही थांबले, कारण त्यांना चालवत नव्हतं. ते बाकावर बसून थर्मासमधला चहा ओतायला लागले. मॉस हातात झेंडा घेऊन कठड्याजवळ उभा होता.

घोडे सुटले. लांबून आधी काही ऐकू येत नाही, नुसती जमीन कळते. पहिल्या फेरीला ते माथ्यावर आले तेव्हा सगळे एकत्र होते आणि लाल-पांढरा सदरा मधोमध होता, शब्द दिल्याप्रमाणे. उतारावरून ते ओतल्यासारखे खाली आले. वळणाशी पुढचे घोडे डावीकडे वळले, त्यांच्या मागचे वळले आणि बॉस्कोने कान उभे केले.

डिम्पनाने ते पाहिलं. उडी दिसली की घोडा असे कान करतो. वळणावर नाही करत. मान सरळ, नजर सरळ तिच्याकडे, म्हणजे तिच्या पुढच्या झुडपांकडे. डावीकडच्या घोड्यांपासून तो सुटा होऊन बाहेर येऊ लागला. ओरनचं सगळं अंग डावीकडे कललं. क्षणभर काहीच झालं नाही. मग शेजारचा एक घोडा मागून आला, बॉस्कोच्या नाकापुढून वळला आणि त्याच्यामागोमाग बॉस्को ओढल्यासारखा गेला. नवं कुंपण त्याने ऐटीत मारलं. स्टँडमध्ये टाळ्या वाजल्या.

"पाहिलंस?" डिम्पना मॉसवर ओरडली.

"जरा बाहेर गेला. वळण नवं आहे, दुसऱ्या फेरीला कळेल त्याला."

"त्याला आता कळलंय! आता त्याने पाहिलंय की ते तिथेच आहे! मॉस, देवाच्यान, मला मदत कर. तो पंख पाडू."

"शर्यत चालू असताना? पंच माझी कातडी सोलतील!"

ती पंखाला जाऊन भिडली. खांद्याने ढकललं. पण मॉसने आठवणीचं काम म्हणून खांब जमिनीत खोल, सिमेंट घालून रोवले होते. फळी हललीसुद्धा नाही. तिने झुडपं उपटायला हात घातला तर मुळं घट्ट धरलेली. तीन महिने घातलेलं पाणी. मागे मोटारींजवळच्या बायका हातातले पाव तसेच धरून बघू लागल्या. एकीने छातीवर क्रूसाची खूण केली.

लाउडस्पीकरवरचा आवाज अचानक चढला. हॅनलीच्या कुंपणावर पुढचा घोडा कोसळला होता, मागच्या दोघांची वाट अडली होती, एक स्वार खाली. आणि त्या गोंधळातून, आवाज आनंदाने फाटत म्हणाला, बॉस्को एकटाच बाहेर पडलाय! बॉस्को पुढे! कितीतरी पुढे!

स्टँडमध्ये गाव नाचायला लागलं. त्यांचा घोडा एकटा पुढे होता, त्याच्या नाकापुढून वळायला एकही घोडा नव्हता. ओरनने शब्द मोडला नव्हता. शब्द आपोआप मोडला होता.

"फादर, मोटारीची किल्ली?"

"आतच आहे. का गं, बरं वाटत नाही का?"

तिने दार ओढलं, आत बसली. मोटार सुरू झाली, म्हाताऱ्या माणसाच्या मोटारी सुरू होतात तशी, आढेवेढे घेत. फादर कप हातात धरून उठायला बघत होते. माथ्यावर एकच घोडा दिसला, निळ्या आभाळावर काळा. तिने पाय दाबला.

पहिल्या धडकेत डावा पंख कचकन वाकला, खांब सिमेंटपाशी मोडला आणि अख्खी पांढरी भिंत पुढे गवताच्या गाठींपाशी आडवी झाली. नाव खाली, चिखलात. तिने मोटार मागे घेतली, चाक फिरवलं आणि झुडपांवर घातली. फांद्या खालून किंचाळल्यासारख्या घासल्या. मोटार झुडपं चिरडत आडवी गेली, उजव्या पंखाला जाऊन धडकली आणि तिथेच बंद पडली. काचेला तडे गेले. त्या तड्यांतून तिला बॉस्को दिसला.

तो उतार संपवून सरळ येत होता. वळण मागे सुटायला आलं होतं. ओरन डाव्या बाजूला जवळजवळ लोंबकळत होता, दोन्ही हात एकाच लगामावर. घोड्याचं तोंड ओढून वाकडं झालेलं, जबडा डावीकडे फाकलेला आणि पाय मात्र सरळ तिच्याकडे. जित्याची खोड. ती मोटारीतून उतरू शकली असती. तिला ते सुचलं नाही. तिने भोंग्यावर दोन्ही हात दाबले आणि डोळे उघडे ठेवले.

बॉस्कोचे कान पडले. ज्यासाठी तो येत होता ते आता तिथे नव्हतं. मोडक्या फळ्या होत्या, एक निळं काहीतरी बोंबलत होतं. त्याची लय चुकली. पुढचे पाय त्याने जमिनीत रोवले, ओरन त्याच्या मानेवर फेकला गेला, एक रिकीब सुटली. कठड्याच्या इतक्या जवळ ते आले की टापांनी उडवलेली माती काचेवर बसली. मग मान आपोआप डावीकडे आली, मानेमागे अंग आलं आणि तो चिखलात गोल वळून, जवळजवळ चालीवर येऊन, नव्या कुंपणाकडे निघाला. ते त्याने मांजरासारखं, जागच्या जागी उडी मारून पार केलं. तोवर मागचे तीन घोडे त्याला ओलांडून गेले होते. बॉस्को चौथा आला.

गावाने काय पाहिलं? गावाने पाहिलं की आपला घोडा एकटा पुढे होता, शर्यत खिशात होती, तेवढ्यात लेहीच्या बायकोचं डोकं फिरलं. तिने पाद्र्याच्या मोटारीने नवऱ्याचं स्मारक तुडवलं, भोंगा वाजवून घोडा बुजवला आणि स्वतःच्या मुलाची शर्यत घालवली. दुसरं काही घडलंच नव्हतं, मग ते कोण कसं पाहणार? टळलेल्या गोष्टीचा पुरावा नसतो. मोटारींजवळच्या बायका, ज्यांच्या थर्मासांवर तो घोडा येऊन पडला असता, त्याच सगळ्यात आधी म्हणाल्या, "बिचारी, इतक्या वर्षांनी डोक्यावर परिणाम झालाच."

मॉस झेंडा हातात धरून मोडलेल्या झुडपांपाशी उभा होता, डोळ्यांत पाणी. "डिम्पना, हे काय केलंस गं? तूच मागितलं होतंस ना हे?"

"मीच," ती म्हणाली. मग ती मोटारीतून उतरली. फादर हेशन मोटारीकडे बघत, "जाऊ दे, जुनीच होती," असं दोनदा म्हणाले आणि खाली बसले. एका नणंदेने चिखलातून नावाची फळी उचलली, पदर असता तर पदराने पुसली असती, तशी कोटाच्या बाहीने पुसली आणि डिम्पनाकडे न बघता निघून गेली. पंचांचा माणूस येऊन सांगून गेला की चौकशी होईल आणि तिचा ट्रेनरचा, म्हणजे घोडे तयार करण्याचा, परवाना राहील की नाही ते नंतर कळेल.

मग ओरन आला. बॉस्कोला तबेल्यातल्या माणसाकडे देऊन तो गवतावरून सरळ तिच्याकडे चालत आला. तोंडावर चिखल, त्यात नुसते डोळे दिसत होते, आणि ते रागाने लाल होते.

"समाधान झालं?" तो ओरडला. लोक ऐकत होते. "बाबांचं नाव चिखलात घातलंस. अख्ख्या गावासमोर! आत्यांसमोर! मी एकटा पुढे होतो, आई. एकटा! परत असा दिवस येणार नाही."

"नाही येणार," ती म्हणाली.

"तुला काय वाटलं, मला वळवता आला नसता? मी धरला होता त्याला. तू मध्ये कडमडली नसतीस तर मी वळवला असता. मी वळवलाच होता!"

डिम्पना त्याच्याकडे बघत राहिली. इतका रागावलेला तिने त्याला कधीच पाहिला नव्हता. आपलं कोणी ऐकून घेत नाही, उद्यापासून गाव आपल्याशी बोलणार नाही, परवानाही जाईल, हे सगळं तिला कळत होतं. आणि तरी तिला त्याचं ते ओरडणं ऐकत राहावंसं वाटत होतं. ओरडत होता, म्हणजे श्वास चालू होता.

बोलता बोलता त्याने हनुवटीखालचा हेल्मेटचा पट्टा सोडवायला हात वर नेला. बोटं पट्ट्यावर गेली, घसरली. त्याने दुसरा हात लावला. दोन्ही हातांची बोटं आकड्यासारखी वळली होती, लगामावर जशी आवळली होती तशीच. ती उघडत नव्हती. डाव्या तळव्याची सालटी निघाली होती. तो आणखी एकदा झटला. मग त्याचं बोलणं थांबलं. त्याने स्वतःच्या हातांकडे पाहिलं, उताराच्या माथ्याकडे पाहिलं, तिथून थेट इथवर चिखलात उमटलेल्या टापांकडे पाहिलं. त्या टापा एकदाही डावीकडे वळल्या नव्हत्या, अगदी कठड्यापर्यंत.

तो एक पाऊल पुढे आला आणि लहानपणी शाळेत जाताना कोटाचं वरचं बटण लावून घ्यायला करायचा तशी त्याने हनुवटी वर केली.

"काढून दे," तो म्हणाला.

तिने पट्टा सोडवला. हेल्मेट निघाल्यावर तो खाली बघत, फक्त तिला ऐकू येईल एवढ्याच आवाजात म्हणाला, "धरला असता मी त्याला."

"हो रे," डिम्पना म्हणाली, "धरला असतास."